फाटकाला वळसा घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा-चौदा बाईक आणि दोन फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाड्यांचा तुमचा ग्रुप चार वर्षं एका डोंगरातल्या जंगलवाटेवर जातोय. या वेळी गेलात तर आडवं लोखंडी फाटक, त्याला कुलूप आणि 'वाहनांना मनाई' एवढीच पाटी. कारण कुठेच लिहिलेलं नाही. फाटकाच्या कडेला बाईक आरामात निघेल एवढी फट आहे. ग्रुपमधले निम्मे म्हणतात घुसूया, काही म्हणतात सह्यांचं निवेदन देऊया, आणि तुम्हाला हवंय वाट परत सुरू करून घेण्याचा उपाय.

मी गेली बावीस वर्षं ऑफरोड बाईक चालवतोय. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं सुट्टीच्या दिवशी माझ्या हातात हँडलपेक्षा कुदळ जास्त असते, कारण वाटांची डागडुजी करणाऱ्या एका लहानशा गटात मी काम करतो. एवढ्या काळात माझ्या ओळखीच्या पाच वाटा बंद झाल्या आणि दोन परत उघडल्या. बंद झालेल्या पाचांपैकी एक आमच्याच ग्रुपने बंद पाडली. ती हकीकत पुढे येईलच.

वाट बंद करायची की नाही हे जो माणूस ठरवतो, त्याने तुम्हाला बहुतेक कधी पाहिलेलंही नसतं. तुम्ही सभ्य आहात, कचरा परत आणता, हेल्मेट घालता, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. त्याच्यासमोर दोनच गोष्टी पोचतात: जमिनीवर उरलेल्या खुणा आणि लोकांच्या कानावर गेलेला आवाज. त्या खुणा कुणाच्या टायरच्या, हेही त्याला कळत नाही. म्हणून 'फाटक कसं उघडायचं' हे तूर्त बाजूला ठेवा. आधी शोधायचं ते हे, की त्याच्यापर्यंत तुमच्या वाटेबद्दल काय पोचलं.

याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे, आणि मी तुमची जागा पाहिलेली नाही. माती कसली आहे, जमीन कुणाच्या ताब्यात आहे, वाटेवर आणखी कोण येतं, तिथला कायदा काय म्हणतो, यावर बरंच बदलतं. तरी फाटकं साधारण चार कारणांनी लागतात आणि चारही फाटकं दिसायला सारखीच असतात.

काही फाटकं ऋतूपुरती असतात. जमीन भिजलेली आहे, ती सुकली की कुलूप निघतं. अशा ठिकाणी एकच काम, थांबणं. काही प्राण्या-पक्ष्यांच्या विणीच्या काळापुरती असतात, तीही ठरलेल्या महिन्यांनी उघडतात, आणि तिथे वाद घालणारा ग्रुप दरवर्षी आपलंच नाव खराब करून घेतो. तिसरं कारण जमिनीची मालकी किंवा कायदाच बदलणं. इंग्लंड-वेल्समध्ये 2006 च्या एका कायद्याने, ज्या जुन्या वाटांवर मोटारवाहनांचा हक्क कागदोपत्री नोंदलेला नव्हता, त्यांपैकी बहुतेकांवरचा तो हक्क एका फटक्यात संपवला. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथून जात होते, पण नोंद नव्हती. अशा वेळी कुदळ कामाची नाही, वकील आणि जुने नकाशे लागतात. चौथं कारण म्हणजे नुकसान आणि तक्रारी. तुमच्या वर्णनावरून, विशेषतः 'गेल्या पावसाळ्यात वाट तीन ठिकाणी रुंद झाली होती' या तुमच्या वाक्यावरून, मला हाच प्रकार वाटतो. खात्री मात्र तुम्हीच करायची. ज्यांच्या ताब्यात जमीन आहे त्यांच्या कार्यालयात एकट्याने, साध्या कपड्यांत जाऊन 'फाटक कशामुळे लागलं आणि कधीपर्यंत आहे' एवढंच विचारायचं. दहा जणांनी रायडिंग जॅकेट घालून जायचं नाही.

पुढचं सगळं हे कारण चौथं आहे असं धरून लिहितो.

आता आमची हकीकत. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडीप झाली होती. आम्ही आठ जण होतो. वाटेत साधारण साठ मीटरचा एक चढ होता, चिकणमातीचा. पहिले दोघे चढले. तिसरा मधेच घसरला, म्हणून चौथ्याने शेजारून, गवतातून बाईक घातली. पाचव्याने त्याच्याही शेजारून. आठवा वर पोचेपर्यंत चढावर एकाच्या जागी तीन माग पडले होते, मागचं चाक जागच्या जागी फिरून जिथे जिथे खणलं गेलं तिथे वीतभर खड्डे झाले होते, आणि आम्ही वर उभे राहून हसत होतो. फार मजा आली होती, खोटं का बोलू? पुढच्या पावसाळ्यात त्या तिन्ही मागांतून पाणी धावलं. वर्षभराने मधल्या मागात मी उभा राहिलो तर कडा गुडघ्याला लागत होती. जमिनीचा मालक आमच्याशी एक शब्द बोलला नाही. त्याने वाटेच्या तोंडाशी दोन मोठे धोंडे आणून टाकले, विषय संपला.

तेव्हा मला वाटलं होतं की आठ बाईकनी एवढं कसं होईल? आता कळतं, आम्ही फक्त सुरुवात करून दिली होती, उरलेलं पाण्याने केलं. मोकळ्या मातीत कणांच्या मधे पोकळ्या असतात, पाणी त्यांतून मुरतं. माती ओली असताना तिच्यावरून चाक गेलं की त्या पोकळ्या दाबल्या जातात. मातीचं दबणं बहुतांशी पहिल्या काही फेऱ्यांतच होतं, पुढच्या फेऱ्या त्यात थोडीच भर घालतात. त्यामुळे 'आम्ही एकदाच गेलो' हा बचाव ओल्या जमिनीपुढे चालत नाही. दबलेल्या जागी पाणी मुरत नाही, मग ते वाहतं. वाहायला त्याला तयार पन्हळ मिळतो, तो म्हणजे चाकाचा माग. पाण्याचा वेग दुप्पट झाला की माती उचलून नेण्याची त्याची ताकद दुपटीच्या कितीतरी पुढे जाते. त्यामुळे चढावरचा माग एकदा खोल झाला की दर पावसाला आपोआप आणखी खोल होत जातो, तुम्ही परत गेला नाहीत तरी.

मराठीत 'चाकोरी सोडून जाणं' हे कौतुकाने म्हणतात. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने पडलेली घळ, आणि मातीच्या वाटेवर नेमकं उलटं कौतुक करायला हवं. चाकोरीतच राहायचं. वाटेवर डबकं दिसलं की हात आपोआप कडेच्या गवताकडे वळतो. पहिला वळतो, दुसऱ्याला पहिल्याचा माग दिसतो, आणि महिनाभरात डबकं दुप्पट रुंद होतं, कारण कडेचं गवतच पाण्याला धरून होतं. डबक्यातून जायचं तर मधोमध, पहिल्या गियरमध्ये, हळू. खोली माहीत नसेल तर उतरून काठीने पाहायचं. जमत नसेल तर परत फिरायचं. कडेने जाणं हा पर्यायच डोक्यातून काढून टाका. माझ्या मते वाट वाचवणाऱ्या सवयी एका हाताच्या बोटांवर मोजल्या तर ही पहिली.

दुसरी सवय म्हणजे निघण्याआधी माती पाहणं. पावसाचा अंदाज पाहून भागत नाही, कारण एकच पाऊस रेताड जमिनीवर दोन तासांत मुरतो आणि चिकणमातीत चार-पाच दिवस राहतो. मी वाटेच्या तोंडाशी बाईक लावून पन्नास पावलं चालत जातो आणि बोटभर खालची माती उचलून दोन तळव्यांमध्ये तिची वात वळतो. साधारण 3 मिलिमीटर जाडीची वात न तुटता वळली गेली तर ती माती चाकाखाली लोण्यासारखी सरकणार. त्या दिवशी परत. वात वळताना तिचे तुकडे पडू लागले तर जाता येतं. रस्ते बांधणारे मातीची परीक्षा करतात ती याच तत्त्वावर, फक्त त्यांच्याकडे प्रयोगशाळा असते. खडकाळ किंवा निव्वळ वाळूच्या वाटेला ही चाचणी लागू नाही. खडकावर तर पावसानंतरही निर्धास्त जाता येतं, निसरड्यापासून स्वतःला जपलं म्हणजे झालं.

कधी कधी रायडर शहाणे असतात आणि वाटच मूर्ख असते. डोंगरउतारावर सरळ वर चढणारी वाट कितीही जपा, ती ओढा होणारच. वाटा आखणारे एक अर्ध्याचा नियम पाळतात: डोंगराच्या बाजूचा उतार जितके टक्के, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. डोंगर 40 टक्के उताराचा असेल तर वाट 20 टक्क्यांच्या आत, आणि मऊ मातीत त्याहूनही बरीच कमी. चढ याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच खाली धावतं. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता हवा, मीटरभर रुंदीला साधारण 5 सेंटिमीटर. आणि लांब उतारावर ठरावीक अंतराने एक उथळ खोलगट भाग, त्याच्या पुढे पसरट उंचवटा, म्हणजे तिथवर आलेलं पाणी बाजूला फेकलं जातं. तुमची वाट नेमकी कुठे बिघडली आहे हे पाहताना हे डोळ्यांसमोर ठेवा. तीनही ठिकाणी चढ सरळसोट असेल तर दुरुस्ती उपयोगाची नाही, तेवढा तुकडा वळवून घ्यावा लागेल.

'निसर्ग भरून काढतो' असं तुमच्या ग्रुपमधल्या एकाने म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. काढतो, पण आपल्या घाईने नाही. 1942 मध्ये अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात जनरल पॅटन यांच्या देखरेखीखाली रणगाड्यांच्या सरावाचा प्रचंड तळ उभा राहिला. दोनेक वर्षांत तो बंद झाला, आणि त्या रणगाड्यांचे माग आजही तिथे दिसतात. अमेरिकेतल्याच यूटा राज्यातल्या मोआब गावाच्या परिसरात जमिनीवर जिवाणू, शेवाळ, दगडफूल यांचा मिळून काळपट खडबडीत पापुद्रा असतो, तो माती बांधून ठेवतो. बुटाखालीही तो मोडतो आणि परत धरायला वर्षानुवर्षं लागतात. त्याच मोआबमध्ये, शेजारीच, उघड्या वालुकाश्मावर स्लिकरॉक नावाची वाट आहे. ती 1969 मध्ये मोटरसायकलवाल्यांनी आखली, पुढे सायकलवाल्यांमुळे जगभर गाजली आणि आजही चालू आहे. गाव एकच, पण खडकावरची वाट पन्नास वर्षं चाकं सोसते आणि हातभर बाजूची माती एक चाकही सोसत नाही. आइसलँडमध्ये शेवाळाच्या गालिच्यावर पडलेला माग दशकानुदशकं जात नाही, म्हणून तिथे रस्ता सोडून जमिनीवर गाडी घालणं हाच गुन्हा आहे. बर्फाने झाकलेली, गोठलेली जमीन तेवढी त्याला अपवाद.

तुमच्या ग्रुपमधल्या दोन फोर बाय फोरबद्दल थोडं. जड गाडी म्हणजे जास्त नुकसान असं सरसकट नसतं, मुख्य नुकसान जागच्या जागी फिरणारं चाक करतं. चढाच्या आधीच लो रेंज (कमी वेगाचे, जास्त ओढीचे गियर) टाका, गाडीला डिफरन्शिअल लॉक (डावी-उजवी चाकं एकत्र फिरवणारी सोय) असेल तर चाक फिरायला लागण्याआधी लावा, आणि टायरची हवा कमी करा. डांबरी रस्त्यावर 32-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर मातीवर बऱ्याच गाड्यांना 18-20 पुरते. टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते, थ्रॉटल कमी द्यावा लागतो. वजन, टायर आणि रिम पाहून आकडा ठरवा, आणि डांबरावर येण्याआधी हवा परत भरायचा पंप गाडीत असू द्या. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) लावायची वेळ आली तर झाडाला वायररोप थेट गुंडाळू नका. रुंद पट्टा बुंध्याशी, अगदी खाली बांधा. सालीच्या लगेच आतल्या थरातून झाडाचं अन्न वाहतं. दोराने तो थर भोवतीनं कापला गेला की झाड उभ्या उभ्या मरतं, फक्त वर्षभराने, म्हणजे ते आपल्या पाहण्यात येत नाही.

आता आवाज. माझ्या अनुभवात मातीपेक्षा आवाजाने जास्त फाटकं लावली आहेत, कारण खणलेला चढ पाहायला तिथवर जावं लागतं आणि आवाज घरबसल्या ऐकू येतो. कॅलिफोर्नियात 1986 पासूनच्या ऑफरोड वाहनांना 96 डेसिबलची मर्यादा आहे. ती सायलेन्सरच्या तोंडापासून 20 इंचांवर, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे अर्ध्या मीटरवर 96 मोजणारी बाईक 500 मीटरवर साधारण 36 डेसिबलवर येते, आणि मधे झाडी किंवा टेकडी असेल तर त्याहून खाली. हे चालून जातं. आता तुमच्या दहा बाईक एकत्र धरा. दहापट ध्वनिऊर्जा म्हणजे 10 डेसिबलची वाढ, कानाला साधारण दुप्पट मोठा. त्यात एका जणाने बॅफल (सायलेन्सरमधला आवाज दाबणारा भाग) काढून टाकलेला असेल आणि त्याची बाईक एकटीच 110 ला जात असेल, तर बाकी नऊ जणांनी कितीही हळू चालवलं तरी दरीपलीकडच्या माणसाला ऐकू येणार ती हीच. तक्रार मात्र 'बाईकवाले' अशी जाणार.

मीही एकेकाळी मोकळा सायलेन्सर लावला होता. ताकद वाढल्यासारखी वाटते हे खरं, आणि त्यातलं बरंचसं नुसतं वाटतंच. एका जुन्या रायडरने मला वळणापलीकडे दोनशे मीटरवर उभं केलं आणि माझीच बाईक चालवत नेली. घरी जाऊन मी मूळचा सायलेन्सर परत बसवला. तुमच्या ग्रुपमधल्या 'त्या' एकावर (प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो) हा प्रयोग करून पाहा, भांडणापेक्षा लवकर काम होतं. स्पार्क अरेस्टर मात्र चर्चेचा विषयच नाही. धुरातून उडणारे कार्बनचे जळते कण अडवणारी ती जाळी वाळल्या गवताच्या दिवसांत नसेल तर घरी बसा. अमेरिकेत राष्ट्रीय वनजमिनीवर ती सक्तीची आहे. आणि तापलेला सायलेन्सर किंवा गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गवतावर टेकेल अशी गाडी उभी करू नका.

वाटेवर भेटणाऱ्या लोकांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तक्रारींचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. चालणारा दिसला की चालण्याच्या वेगावर या. घोडेस्वार किंवा गुरं दिसली तर इंजिन बंद करा, हेल्मेट काढा आणि बोला. घोड्याला हेल्मेटधारी आकृती माणूस वाटत नाही, आवाज ऐकला की तो निवतो. उतारावर वाट असेल तर तुम्ही दरीच्या बाजूला थांबा, कारण घाबरलेलं जनावर चढाकडे उधळतं. समोरच्याला बोटांनी दाखवा मागे अजून किती जण आहेत. शेवटच्या माणसाने मूठ दाखवायची, म्हणजे संपले. वाटेतली फाटकं जशी सापडली तशीच ठेवायची, उघडी तर उघडी, लावलेली तर लावलेली. आणि चौदा जणांनी एका ओळीत जाऊ नका. चार-पाचांच्या तुकड्या करा, मधे पंधरा-वीस मिनिटं ठेवा. आवाज विभागला जातो, आणि कुणाला चौदा वेळा बाजूला उभं राहावं लागत नाही.

तर, माती कधी सोसते ते पाहणं, चाकोरी न सोडणं आणि आवाज, एवढं तुमच्या ग्रुपच्या हातात आहे. ते आधी स्वतःशी मान्य झालं की मग निवेदनाकडे वळा.

सह्यांच्या निवेदनाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. 'आम्ही इतकी वर्षं इथे येतो, हा आमचा हक्क आहे' या सुरात लिहिलेला कागद वाचणाऱ्याला उत्तर देणं फार सोपं जातं: नाही, हक्क नाही. अमेरिकेतलं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे की तिथे हा वाद पन्नासहून जास्त वर्षं कागदावर आहे. 1972 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला की केंद्र सरकारच्या जमिनीवर ऑफरोड वाहनांच्या वाटा ठरवताना माती, पाणलोट, झाडोरा यांचं नुकसान, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि इतर लोकांशी होणारा संघर्ष कमीत कमी राहील हे पाहा. 1977 मध्ये कार्टर यांनी त्यात भर घातली: मोठं नुकसान दिसलं तर ती जागा त्या वाहनांना लगेच बंद करा. 2005 मध्ये तिथल्या वनसेवेने सगळा न्यायच उलटा केला. आधी बऱ्याच जंगलांत 'बंद असल्याची पाटी नाही म्हणजे खुलं' असं चालायचं. नव्या नियमाने 'नकाशावर खुलं दाखवलेलं नाही म्हणजे बंद' झालं. ज्या वाटांची नोंद, मोजमाप आणि देखभाल कुणीतरी करत होतं, त्यांची बाजू नकाशावर मांडायला निदान माणूस आणि कागद होता. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल, पण निर्णय घेणाऱ्याच्या मनातले प्रश्न हेच असतात: माती, पाणी, प्राणी, शेजारी. निवेदनात या चारांची उत्तरं नसतील तर दोनशे सह्यांनी काही होत नाही.

आमच्या दोन वाटा परत उघडल्या त्या कशा, ते सांगतो. दोन्ही वेळा आम्ही 'वाट उघडा' असं म्हटलंच नाही. पहिल्या वेळी आम्ही नऊ फोटो, हाताने काढलेला नकाशा आणि एका पानाचा कागद घेऊन गेलो. त्यावर लिहिलं होतं: इथे, इथे आणि इथे पाणी वाटेवरून वाहतंय. दोन ठिकाणी आम्ही पाणी बाजूला काढू शकतो, तिसऱ्या ठिकाणी वाट वळवावी लागेल, ती कुठून वळवायची हे तुम्ही दाखवा. सहा माणसं, चार रविवार, अवजारं आमची. वाट बंद राहिली तरी हे काम आम्ही करू. शेवटचं वाक्य ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना पटलं नव्हतं, फुकट काम का करायचं म्हणून. पण त्याच वाक्यामुळे समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसला. सौदा करायला आलेले लोक त्याने खूप पाहिले होते.

काम झाल्यावर आणखी एक पावसाळा जाऊ दिला आणि त्याच जागांचे फोटो पुन्हा काढून दिले. मग अटींवर वाट उघडली: पावसाळ्यात बंद, एका वेळी पाच बाईक, ठरलेल्या दिवशीच. अटी आम्हाला जाचक वाटल्या नाहीत, कारण त्यातल्या दोन आम्हीच सुचवल्या होत्या. दुसऱ्या वाटेला तीन वर्षं लागली आणि मधे अधिकारी बदलल्यामुळे सगळं पहिल्यापासून करावं लागलं. त्यामुळे दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घेऊन ठेवा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: परवानगीशिवाय स्वतःच्या अकलेने दुरुस्ती करायला जाऊ नका. चांगल्या हेतूने खणलेला चरही बेकायदा खोदकामच असतो, आणि चुकीच्या जागी काढलेलं पाणी खालच्या कुणाच्या तरी जमिनीत जातं.

रायडर आणि जमीन सांभाळणारे हे नेहमी शत्रूच असतात असं नाही. ट्रेड लाइटली ही जबाबदार ऑफरोडिंगचा प्रचार करणारी मोहीम 1985 मध्ये अमेरिकेच्या वनसेवेनेच सुरू केली होती, 1990 मध्ये तिची स्वतंत्र संस्था झाली. त्या कार्यालयात बसलेल्या माणसालाही एखादा असा ग्रुप हवा असतो, ज्याचं नाव तो वरिष्ठांना सांगू शकेल.

ग्रुपच्या आत एक काम उरतं. तुमच्या जुन्या व्हिडिओंवर एकदा नजर टाका. चिखल उडवत चढ खणतानाचे व्हिडिओ जागेच्या नावासकट लोकांसमोर असतील, तर तक्रारदाराला पुरावा शोधायला कुठे जावं लागत नाही. शिवाय ते पाहून पन्नास अनोळखी लोक त्याच चढावर येतात, त्यांच्या खुणाही तुमच्याच खात्यावर जमा होतात. मी नवीन व्हिडिओला जागेचं नाव देत नाही आणि ओल्या मातीतलं काही टाकतच नाही.

राहिली ती फाटकाच्या कडेची फट. तिथून एक बाईक गेली तरी तिचा माग मऊ जागेत उमटतो, आणि तो माग पाहणारा पहिला माणूस कुलूप लावणाराच असतो. त्यानंतर तुम्ही फोटो आणि नकाशा घेऊन त्याच्यापुढे बसलात तर तो कागद बघणार नाही, तुमचे टायर बघेल. शिवाय फट बुजवायला धोंडे येतात, मग चर येतो, आणि उद्या फाटक उघडायचं ठरलं तरी ते सगळं काढायचा खर्च मधे उभा राहतो. ग्रुपमध्ये मतदान घेऊ नका. नाही म्हणा.

तुमच्या पाटीवर वाहनांना मनाई आहे. पायी जाण्यावर बंदी नाही ना, हे त्या कार्यालयात गेलात की विचारून घ्या. नसेल तर पुढच्या रविवारी बाईक घरी ठेवून तिघे-चौघे चालत जा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, कारण पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं याच्या खुणा तेव्हाच ताज्या असतात. मोजपट्टी न्या. जिथे वाट रुंद झाली आहे तिथे रुंदी आणि चाकोरीची खोली मोजा, फोटोत पट्टी दिसू द्या, वरून आणि खालून असे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग ते फोटो, मातीचा प्रकार आणि कार्यालयात मिळालेलं उत्तर मला सांगा, तिथे पाणी कसं काढता येईल ते बघू.